भाऊबीज झाल्यावर सहल? नाशिकच्या चौघांचा नोव्हेंबर २०२०

या प्रकरणातले कुटुंब आम्ही अभ्यासासाठी रचले आहे. माणसे कल्पित आहेत. तारखा, सरकारी आदेश, रस्ते आणि आजाराचे दिवस मात्र खरे आहेत. कोविडच्या पहिल्या वर्षातल्या त्या दिवाळीत नाशिकच्या कितीतरी घरांत सहलीला जावे का, हाच प्रश्न जेवणाच्या ताटावर निघत होता, म्हणून हे घर निवडले.

इंदिरानगरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. आजी ७१ वर्षांच्या, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू. मुलगा ४५ वर्षांचा, अंबडच्या एमआयडीसीत कामाला, कंपनीच्या बसने जा-ये. सून ४१ वर्षांची, नववी-दहावीला शिकवते, जूनपासून घरातूनच ऑनलाइन तास घेते. नात नववीत. ठाण्याला सुनेचा भाऊ, त्याच्या घरात चौघे. या मामांचा बेत असा: १७ ते २१ नोव्हेंबर गोवा, आठ जणांनी बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलरने जायचे, बंगला पाहून ठेवला आहे, ६,००० रुपये टोकन भरले आहे. रविवारी, ८ नोव्हेंबरला रात्रीपर्यंत हो की नाही ते कळवायचे.

बाहेर त्या वेळी सगळे सैल होत होते. जिल्हा ओलांडायला लागणारा ई-पास २ सप्टेंबरला रद्द झाला होता, त्याच आदेशाने हॉटेले पूर्ण क्षमतेने उघडली होती, ५ ऑक्टोबरपासून रेस्टॉरंटमध्ये निम्म्या खुर्च्यांवर बसून जेवता येत होते. लस अजून आली नव्हती. ‘सरकारने उघडले म्हणजे आता हरकत नाही,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येत होते, आणि खरी चूक तिथेच होत होती. सरकारी परवानगी सगळ्या राज्यासाठी असते. तुमच्या घरात ७१ वर्षांच्या आजी आहेत, हे त्या आदेशाला ठाऊक नसते.

आधी कॅलेंडर, मग गाव

अशा निर्णयात बहुतेक जण गावापासून सुरुवात करतात: गोव्यात केसेस किती, कोकणात किती. आमच्या मते सुरुवात कॅलेंडरपासून करावी. घरात कोण कधी कुणाच्या संपर्कात आले आणि तो संपर्क कोणत्या तारखेला लक्षण म्हणून बाहेर पडेल, हे आधी मांडायचे.

त्या वर्षीच्या कोविडची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जात, आणि बहुतेकांना पाचव्या दिवसाच्या आसपास दिसत. लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. आता हे दिवाळीवर ठेवून बघा. शनिवारी, १४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. म्हणजे मेनरोड, रविवार कारंजा, भद्रकालीची खरेदी १२ आणि १३ तारखेला. सोमवारी, १६ तारखेला पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, त्यामुळे घरात पाहुणे, ओवाळणे, पंगत. १३ तारखेला दुकानात लागण झाली तर ती १८ तारखेला अंगावर येते, आणि १६ तारखेपासूनच ती दुसऱ्यापर्यंत पोचू शकते. मामांचा बेत १७ तारखेला निघण्याचा. म्हणजे आठ जण बंद गाडीत एकत्र बसतात ते नेमके अशा दोन दिवसांत, जेव्हा आजार असला तरी कुणालाच कळणार नाही. पहिला ताप येईल तो घरापासून शेकडो किलोमीटर दूर कुठेतरी, परक्या गावात.

म्हणून त्या वर्षी ‘भाऊबीज आटोपली की निघू’ ही सगळ्यात सोयीची वाटणारी तारीख सगळ्यात वाईट होती. गोवा असो वा गंगापूर धरण, तारीख तीच राहिली तर धोका फार बदलत नाही.

यावर मामांनी सुचवलेला तोडगा: १४ तारखेला सगळ्यांची आरटीपीसीआर करू, निगेटिव्ह आली की निघू. ऑक्टोबरअखेर खासगी प्रयोगशाळांचे दर ठरले होते, संकलन केंद्रावर ९८० रुपये आणि घरी येऊन नमुना घेतला तर १,८०० रुपये. आठ जणांचे घरी नमुने म्हणजे १४,४०० रुपये. पैसा ओतूनही हाती काय येते? लागण झाल्यावर पहिल्या चार दिवसांत नाकाघशात विषाणू इतका कमी असतो की चाचणी बहुतेक वेळा निगेटिव्हच येते. १३ तारखेची लागण १४ तारखेच्या स्वॅबमध्ये दिसणार नाही. तो कागद खिशात घेऊन माणूस उलट बेफिकीर होतो, मास्क हनुवटीवर घसरतो. निगेटिव्ह अहवाल हा नमुना घेतला त्या घटकेबद्दल थोडेसे सांगतो, पुढच्या पाच दिवसांबद्दल काहीच सांगत नाही.

या घरात कॅलेंडरला आणखी एक खिळा होता. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे ठरले होते आणि त्याआधी, १७ ते २२ तारखेदरम्यान, शिक्षकांना आरटीपीसीआर सक्तीची होती. सून गोव्याला गेली तर नमुना कुठे देणार, आणि २१ च्या रात्री परतून २२ ला दिला तर २३ च्या सकाळी अहवाल हातात असेल का? (नाशिक जिल्ह्यातल्या शाळा शेवटी ४ जानेवारीपर्यंत पुढे गेल्या, पण ते ऐनवेळी ठरले. ८ तारखेला हिशेब २३ चाच करायला हवा होता.)

आजींना न्यायचे की ठेवायचे

आजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, “तुम्ही जाऊन या रे, मी राहीन की घर धरून.” मुलाला हे पटण्यासारखे वाटले. आई सुरक्षित घरात, आपण चार दिवस बाहेर.

पण हा हिशेब अर्धाच आहे. आजी घरी राहिल्या तरी बाकीचे तिघे २१ तारखेला परत त्याच घरात येणार, त्याच स्वयंपाकघरात, त्याच टीव्हीसमोर. सहलीत लागण झाली असेल तर तिचा उपद्रव २३ ते २६ तारखेला, घरात होईल. आजींना वाचवायचे तर त्यांना सहलीपासून दूर ठेवून भागत नाही, परतलेल्यांपासून दूर ठेवावे लागते, आणि तेही त्या वेळच्या नियमाने १४ दिवस. पंचवटीतल्या लेकीकडे त्यांना १७ तारखेला सोडले तर ५ डिसेंबरपर्यंत तिकडेच ठेवायचे, हा त्या बेताचा खरा अर्थ. लेकीचे यजमान रोज दुकानात बसतात, म्हणजे तिथेही संपर्क आहेच. शिवाय साखर बिघडली तर गोळी बदलून देणारे नेहमीचे डॉक्टर इंदिरानगरला.

इथे एक गोष्ट सरळ मान्य करावी लागते. एका छताखाली राहणारे चौघे एकमेकांची हवा रोज घेतातच. अंबडच्या बसमधून आणि कॅन्टीनमधून येणारा धोका आजींपर्यंत आधीच पोचतो आहे. चौघेच एकत्र बाहेर गेले तर आपसातला धोका वाढत नाही. वाढतो तो त्यात मिसळणाऱ्या नव्या माणसांमुळे: मामांचे चौघे, ड्रायव्हर, वाटेतली हॉटेले, बंगल्यावरचा स्वयंपाकी. म्हणून मुलाला सांगण्यासारखे उत्तर असे निघाले: जायचेच तर आजींना घेऊन जा, आणि मामांना या वेळी नको म्हणा.

नको म्हणणे हेच सगळ्यात जड होते. भाऊ-बहीण दिवाळीच्या आधीच्या रविवारी असे बोलत नाहीत. सुनेने फोनवर कारण लपवले नाही: “दादा, माझी १८ ला टेस्ट आहे आणि आईंची शुगर वर-खाली होतेय. आठ जण एका गाडीत नकोत. टोकनमधला आमचा वाटा आम्ही देतो, पण तुम्ही पण तारीख पुढे ढकला.” वाटा देण्याचे आपणहून बोलल्यामुळे पैशाचा प्रश्न वेगळा झाला आणि नाते वेगळे राहिले. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण भरलेले पैसे बुडतील म्हणून निघालेली घरे त्या वर्षी पुष्कळ होती.

पर्याय

गोवा बाद झाले ते अंतरामुळेही. नाशिकहून पुणे-कोल्हापूर मार्गे सहाशेहून अधिक किलोमीटर, म्हणजे एका बाजूला निदान चार थांबे, चार स्वच्छतागृहे, दोन जेवणे. आणि बाहेरच्या राज्यातून परतताना नियम कधी बदलेल याचा नेम नव्हता. तसेच झाले: २३ नोव्हेंबरला राज्य सरकारने आदेश काढला आणि २५ पासून गोवा, गुजरात, राजस्थान, दिल्लीहून येणाऱ्यांना विमानासाठी ७२ तासांतला, रेल्वेसाठी ९६ तासांतला आरटीपीसीआर अहवाल लागू केला; रस्त्याने येणाऱ्यांची लक्षणे आणि ताप तपासायचे ठरले. २१ ला परतणारे सुटले, चार दिवस उशिरा निघालेले अडकले. सापुतारा जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, पण तेही गुजरातच.

दापोली-हर्णै साडेतीनशे किलोमीटर, नऊ-दहा तास. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने तिथली छपरे आणि विजेच्या तारा नेल्या होत्या. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, पण ऑक्सिजनची पातळी घसरलेल्या मधुमेही आजींना रात्री पुढे हलवायचे तर घाटरस्ता. बाद.

उरले भंडारदरा. घोटीवरून सत्तर किलोमीटरच्या आसपास, दोन तास. वाटेत जेवायला किंवा लघवीला थांबण्याची गरज नाही. इगतपुरी तालुक्यात धामणगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि कुणाला कणकण वाटली तर दोन तासांत माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या डॉक्टरांच्या हाताशी येतो. आम्ही याला परतीचे अंतर म्हणतो. महामारीत ठिकाण निवडताना आधी पाहायचे ते हेच: आजारी माणूस घेऊन मागे फिरायला किती तास लागतील. तीन तासांच्या वर गेले तर वयस्कर माणसासह जाऊ नये, असे आमचे मत आहे.

तारीख शुक्रवार २० ते रविवार २२. खरेदीला तोवर आठवडा उलटलेला, भाऊबीजेला चार दिवस. भाऊबीजही पंचवटीच्या आत्याकडे न जाता, आत्याने यायचे, गच्चीत ओवाळायचे, फराळाचा डबा देऊन-घेऊन निरोप, असे ठरवले. सुनेचा नमुना १८ ला, अहवाल २० च्या आत. चौघांत निदान एकीची चाचणी योग्य दिवशी, आणि तीही कामासाठी करावीच लागणार होती.

बंगलेवाल्याला विचारायचे प्रश्न

“सॅनिटाइज केलेले आहे का” हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्याला उत्तर एकच येते. हे विचारावे: आमच्या आधीचे पाहुणे कधी निघणार? (निदान २४ तासांची मोकळीक हवी, आणि त्या वेळात खिडक्या उघड्या हव्यात.) समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या किती? संडास-बाथरूम स्वतंत्र आहे ना? स्वयंपाक कोण करते, आणि तिच्या घरी म्हातारे कोण आहे? शेवटचा अर्धा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. शहरातला पाहुणा गावात आजार घेऊन जाऊ शकतो, आणि त्या स्वयंपाकवाल्या मावशींना नाशिकइतकी रुग्णालये हाताशी नाहीत. या कुटुंबाने ताटे वाढून घेतली नाहीत. मावशी भाकरी, पिठले, भात पातेल्यांत करून ओट्यावर ठेवत आणि बाहेर पडत. ती बाहेर पडल्यावर हे चौघे आत जात. मजुरी पूर्ण दिली.

पाचवा प्रश्न मोबाइलचा: कोणत्या कंपनीच्या सिमला रेंज आहे? धरणाच्या खोलगटात ती जाते-येते, आणि बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन खाली दाखवत असताना डॉक्टरांना फोन लागला नाही तर दोन तासांच्या अंतराचा उपयोग नाही.

पैशाचा करार व्हॉट्सॲपवर लिहून घेतला. मजकूर असा: “२० ते २२ नोव्हेंबर, चौघे, टोकन २,००० रु. घरात कुणालाही ताप/खोकला आल्यास किंवा कुणाचा अहवाल पॉझिटिव्ह आल्यास निघण्याच्या दिवशीही तारीख बदलून मिळेल, सहा महिन्यांत केव्हाही. कबूल असल्यास ‘हो’ लिहा.” पैसे परत मागण्यापेक्षा तारीख बदलून मागितली की मालक लवकर कबूल होतात, आणि आजारपण लपवून निघण्याचा मोहही राहत नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. मुलाला ९ तारखेला ‘कोरोना कवच’ घ्यायचे सुचले. त्या पॉलिसीला पहिले १५ दिवस प्रतीक्षाकाळ होता, म्हणजे संरक्षण २४ पासून. सहल २२ ला संपते. आणि ती ६५ वर्षांपर्यंतच मिळत होती, आजी बाहेर. हिवाळ्यासाठी घ्यायला हरकत नव्हती, पण सहलीच्या भरवशात तिला मोजण्यात अर्थ नव्हता.

गाडी

२ सप्टेंबरपासून लागू झालेल्या आदेशात चारचाकीत चालक अधिक तिघांना परवानगी होती. चौघे बरोबर बसतात. घरचेच चौघे असल्याने गाडीत मास्कची सक्ती घरापुरती सैल करता येते, पण अंबडच्या बसने रोज जाणारा मुलगा आणि आजी यांत अंतर राहील अशी बैठक करावी: मुलगा गाडी चालवतो, आजी मागे डाव्या बाजूला, चालकापासून सर्वांत लांब. एसीवर गोल वळलेल्या बाणाचे बटण असते, आतलीच हवा फिरवणारे. त्याचा दिवा विझलेला हवा. नोव्हेंबरच्या सकाळी काचा पूर्ण खाली केल्या तर आजी गारठतील, म्हणून पुढची डावी आणि मागची उजवी काच चार बोटे खाली ठेवावी. हवा तिरपी वाहते आणि आजींच्या तोंडावर थेट झोत येत नाही. स्वेटर आणि कानटोपी हा या उपायाचाच भाग.

बरोबर घेतलेले सामान: आजींच्या गोळ्या तीन दिवसांच्या सहलीला सात दिवसांच्या, ग्लुकोमीटर आणि २५ पट्ट्या, डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची एक पट्टी, माणशी चार मास्क (बाहेर वावरताना व्हॉल्व्ह नसलेला एन ९५), अर्धा लिटर सॅनिटायझर, पल्स ऑक्सिमीटर आणि त्याचे दोन जास्तीचे बारीक सेल. फराळाचे डबे आणि दशम्या वेगळ्या सांगायला नकोत.

ऑक्सिमीटर

याच्यावर जरा थांबतो, कारण भंडारदऱ्याला पहिल्याच रात्री याने सगळ्यांची झोप उडवली. आजींच्या बोटावर ९१ आले. घरी नेहमी ९६-९७.

नातीने दुसऱ्या बोटाला लावला, ९२. मुलाने गाडीची किल्ली शोधायला घेतली. सुनेने आजींचे हात हातात घेतले, बोटे बर्फासारखी. भाऊबीजेची मेंदीही अजून गडद होती. थंड बोटांत रक्त कमी फिरते आणि यंत्राला ठोका नीट सापडत नाही. गडद मेंदी किंवा नेलपॉलिशने प्रकाश अडतो. हात कोमट पाण्यात पाच मिनिटे, मग पुसून, मेंदी कमी लागलेल्या मधल्या बोटावर, हात छातीच्या उंचीवर टेकवून, आकडा स्थिर होईपर्यंत पूर्ण एक मिनिट. ९६.

तरी तिथे थांबायचे नाही. व्हरांड्यात नेहमीच्या चालीने चालवून पुन्हा मोजायचे. साठीच्या आतल्यांना सहा मिनिटे, साठीच्या पुढच्यांना तीन. चालल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीन अंकांनी उतरला तर डॉक्टरांना फोन आणि परतीची तयारी. आजींचे ९५ आले. दम नाही, ताप नाही. किल्ली खुंटीला गेली.

लिहून ठेवलेल्या अटी

निघण्याआधी फ्रिजवर चार ओळी चिकटवल्या होत्या. एक, १७ ते २० दरम्यान घरात कुणालाही ताप, घसा, वास जाणे, जुलाब: रद्द. दोन, सुनेचा अहवाल पॉझिटिव्ह किंवा २० च्या सकाळपर्यंत न आलेला: रद्द. तीन, अंबडला मुलाच्या लाइनवर कुणी पॉझिटिव्ह निघाले: रद्द. चार, तिथे गेल्यावर १००.४ फॅरनहाइट ताप: त्याच दिवशी परत. ऐनवेळी बॅगा भरलेल्या असताना कुणाचाही विवेक सहलीच्या बाजूने झुकतो. आधी लिहिलेली ओळ वाचायला लावली की वाद होत नाही. दुसरी अट जवळजवळ लागू झालीच होती. अहवाल २० तारखेला सकाळी साडेनऊला आला, निगेटिव्ह. गाडी दहाला निघाली, ठरले होते सातला.

परतल्यावर

२२ तारखेपासून १४ दिवस, ६ डिसेंबरपर्यंत, वहीत रोज दोन नोंदी: चौघांचा ताप, आजींचा ऑक्सिजन. आजी जोडबाथरूमच्या खोलीत झोपल्या, जेवण खिडकीपाशी.

२५ तारखेला नातीचे नाक वाहू लागले. पहाटेच्या गारठ्यात धरणाकाठी फिरली, सर्दीच असेल, असे सगळे म्हणाले, आणि बहुधा तेच होते. तरी आजींना हॉलमध्ये न येता खोलीतच थांबायला सांगितले, नातीने घरात मास्क लावला, तिचे ताट वेगळे झाले. अँटिजेन चाचणी झटपट होते म्हणून बापाला ती हवी होती. पण लक्षणे असताना ती निगेटिव्ह आली तरी तेव्हा पुन्हा आरटीपीसीआर करावीच लागत होती, म्हणून २६ ला थेट संकलन केंद्रावर, ९८० रुपये. २७ ला निगेटिव्ह. मास्क आणि वेगळे ताट मात्र नाक थांबेपर्यंत, ३० तारखेपर्यंत चालू ठेवले. वहीतली शेवटची नोंद ६ डिसेंबरच्या रात्रीची आहे, नातीच्या अक्षरात: आजी, ९७, हात गरम.